काचेचं दार, आत भट्टी

"सर्व्हर, म्हणजे ऑफिसचा मुख्य कंप्युटर, ठेवायला रॅक कुठला घेऊ?" विचारायचं मला, आणि घ्यायचा दिसायला देखणा तोच! परवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात गेलो. १९ इंची, ४२ यू, म्हणजे पुरुषभर उंचीचं कपाट, पुढं काचेचं दार, आत सर्व्हर घामाघूम. अहो, तो पुढून गार हवा ओढतो, मागून गरम फेकतो. काच लावून त्याचं नाकच दाबलंत की! जाळीचं दार मिळतं ना? "नको, काचेला शो येतो." शो? देव्हारा आहे काय हा?

निपाणीत उलटं. तंबाखूच्या वखारीला लागून खोली, आणि तिथं उघडा रॅक, नुसता सांगाडा! का, तर स्वस्त. पंख्यात तंबाखूचा भुगा, नेटवर्कच्या स्विचवर चहाचा कप. बंद कपाट इथं नको, तर मग कुठं हवं? खानापुरात तर एकानं उघड्या रॅकला ओली छत्री अडकवलेली.

आणि जिथं उघडा रॅक खरंच शोभतो, कुलूपबंद, एसी लावलेली, धूळ नसलेली खोली, तिथं हमखास बंद कपाट. तेही भिंतीला चिकटवून! मागचं दार उघडू कसं? भिंतीतून येऊ?

वर रात्री अकराला फोन: "साहेब, सर्व्हर सारखा बंद पडतोय. व्हायरस असंल काय वो?"