खुलासा : एनडीएम-१ बद्दलचा माझा परवाचा मेसेज

‘एनडीएम-१ हा नवा जंतू हॉस्पिटलांत पसरलाय, औषधच नाही, ऑपरेशन टाळा’ हा मेसेज मी परवा न तपासता पुढे ढकलला. तो चुकीचा आहे.

२००९ चा मूळ शोधनिबंध आता वाचला. एनडीएम-१ (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) जंतू नाहीच; कार्बापेनेमसारखी तगडी अँटिबायोटिक्स निकामी करणारं, जंतूंनी बनवलेलं ते एन्झाइम (एक प्रथिन) आहे. त्याचं जनुक एका जंतूतून दुसऱ्यात जातं, खरी काळजी ती. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या क्लेबसिएला जंतूत ते २००८ मध्ये सापडलं, म्हणून नावात दिल्ली (यावरून तेव्हा बराच वाद झाला). त्या जंतूवरही कोलिस्टिन हे अँटिबायोटिक चालत होतं.

त्या मेसेजपायी ठरलेलं ऑपरेशन कुणी पुढे ढकलू नका. तो डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलात त्यांना हा पाठवा.