‘एअरपोर्टची नोकरी म्हणजे कायमची नोकरी’: हा मेसेज पुढं पाठवू नका

परवा रात्री साडेदहाला दाजींचा फोन आला. भाचीची बारावी झाली, तिला ‘एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ’चा कोर्स लावायचाय. फी पंच्याऐंशी हजार, दोन दिवसांत भरली तर दहा हजार सूट. कशावरून ठरवलं विचारल्यावर त्यांनी एक मेसेज पाठवला. तोच मेसेज मला दोन महिन्यांत पाच जणांकडून आलाय, गावच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर. इतके दिवस सोडून देत होतो. आता बहिणीच्या घरातले पैसे चाललेत, म्हणून लिहायला बसलोय.

मेसेज थोडक्यात असा: उडान योजनेमुळं छोट्या शहरांत विमानं आली, त्यामुळं घराजवळ कायमची नोकरी. नोकरी थेट विमान कंपनीत. नव्या कामगार कायद्यानं कंत्राट बंद झालंय. कंपनी बंद पडली तरी काळजी नको, एअरपोर्टचा पास असलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडं लागतो. एक कंपनी माणसं काढते, दुसरी घेते, जगभर असंच चालतं. आणि ‘कायम करा’ म्हणणाऱ्या युनियनमुळंच जेट एअरवेज बुडाली.

मी एका छोट्या विमानतळावर साडेपाच वर्षं काढली. आधी लोडर, मग चेक-इन काउंटरवर. म्हणून यातला पासाचा मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं. त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

पासावर फोटो आपला, नाव आपलं, पण अर्ज कंपनीचा असतो. कंपनी अर्ज करते, पोलिसांकडून चौकशी होते, मग पास मिळतो. नोकरी गेली की पास जमा. आमचा रूट बंद झाला त्या दिवशी सुपरवायझरनं एक प्लास्टिकचा ट्रे टेबलावर ठेवला. त्यात प्रत्येकानं गळ्यातला पास काढून टाकायचा, रजिस्टरला सही करायची, चमकणारं जॅकेट आणि बूट परत करायचे. माझ्या आधी उभा असलेल्या पोरानं पास उलटा करून बघितला, मुदत अजून सात महिने बाकी होती. त्यानं विचारलं, “सर, हा चालेल ना अजून?” सरांनी काही न बोलता ट्रे पुढं केला. दहा मिनिटांनी आम्ही बाहेरच्या गेटवर होतो आणि पाण्याची बाटली आत राहिली म्हणून परत जायचं म्हटलं तर सीआयएसएफचा जवान आत सोडेना. त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं पास नव्हता.

दुसरी कंपनी घेणार असेल तर तिनं नव्यानं अर्ज करायचा, नव्यानं चौकशी. आणि मुळात दुसरी कंपनी कुठली? मुंबई, दिल्लीला असतील चार. आमच्याकडं दिवसाला एक एटीआर, म्हणजे छोटं पंख्याचं विमान, यायचं. सामान उतरवा, चढवा, अर्ध्या तासात ते परत हवेत. ते यायचं थांबलं की विमानतळ उघडा असतो, वॉचमन असतो, काम नसतं.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं वाटत असेल तर सरकारचा हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेला. उडानमध्ये बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत विमान कंपन्यांना ७७४ रूट दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या फक्त ११२ नी सरकारी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. आणि तीन वर्षांनंतर, मार्च २०२३ पर्यंत, टिकले ते ५४. म्हणजे शंभर रूट दिले तर सात उरले. विमान कंपनी रूट बंद करते तेव्हा विमान दुसरीकडं नेते, पायलटही नेते. तिथल्या लोडरला आणि काउंटरवरच्या मुलीला कुणी नेत नाही.

आपल्याकडचंच बघा. २७ एप्रिल २०१७ ला उडानची पहिली विमानं उडाली, त्यात ट्रूजेटचं नांदेड-हैदराबाद होतं. काय कौतुक झालं होतं! फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली. एअर डेक्कननं डिसेंबर २०१७ मध्ये नाशिक आणि जळगावहून मुंबईची सेवा सुरू केली. एप्रिल २०२० मध्ये कंपनीनं काम थांबवून सगळ्या कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं. त्या लोकांना ‘दुसऱ्या दिवशी’ कुठं लावलं, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. मोठ्या विमानतळावर विमान कंपन्यांसाठी ही कामं करणारी एजन्सी गेली तरी माणसं राहतात, असं कधीकधी होतं. मे २०२५ मध्ये सरकारनं सेलेबी या तुर्की एजन्सीची सुरक्षा परवानगी रद्द केली, तेव्हा मुंबईत दुसऱ्या एजन्सीनं काम घेतलं आणि कामगारांना सामावून घ्यायचं ठरलं. चांगलं झालं. पण ती सगळ्या देशानं बघितलेली घटना होती, आणि काम थांबून चालणार नव्हतं. आमच्याकडंही मधे एकदा एजन्सी बदलली होती. त्याच काउंटरवर तीच माणसं, फक्त नेमणुकीचं पत्र नवं आणि नोकरीची वर्षं पुन्हा शून्यापासून. पहिल्या एजन्सीत माझी तीन वर्षं, दुसरीत अडीच. ग्रॅच्युइटीला तेव्हा सलग पाच लागायची. दोन्हीकडून मला एक रुपया मिळाला नाही.

‘थेट विमान कंपनीत नोकरी’ यावर फार लिहीत नाही. शर्टावरचा लोगो विमान कंपनीचा असतो, पगाराच्या स्लिपवरचं नाव एजन्सीचं. सरकारी कंपनीसुद्धा आता कायम घेत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिन्याला एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसच्या भरतीला हजारो पोरांची चेंगराचेंगरी होता होता राहिली. जागा २,२१६, आणि त्याही तीन वर्षांच्या मुदतीच्या.

कायद्याचं. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, हे खरं. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावता येणार नाहीत असं त्यात लिहिलंय, तेही खरं. मेसेजवाला इथंच थांबतो. त्याच कलमात पुढं सूट आहे: जे काम एरवी कंत्राटदाराकडूनच करून घेतलं जातं, ते तसंच चालू ठेवता येतं. शिवाय आस्थापना, म्हणजे कंपनी, त्याच कामासाठी उभी केलेली नसेल तर माल चढवणं-उतरवणं, साफसफाई, पहारा, वाहतूक ही कामं मुख्य कामात धरलेलीच नाहीत. विमान उभं राहतं त्या रॅम्पवर आणखी काय काम असतं? आणि कंत्राटाचं ते सगळं प्रकरण पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथंच लागू. आमच्या विमानतळावर आम्ही सगळे मिळून सतरा जण होतो. मुदतीच्या नोकरीवाल्याला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, ही सुधारणा चांगली आहे, पण तिनं कुणी कायम होत नाही.

‘जगभर असंच चालतं’ म्हणे. ऑस्ट्रेलियात क्वांटास या विमान कंपनीनं २०२० मध्ये दहा विमानतळांवरच्या सुमारे १,७०० कामगारांना काढून काम बाहेर दिलं. युनियन कोर्टात गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा असल्याचा निकाल कायम ठेवला. कामगारांना १२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई, आणि वर ऑगस्ट २०२५ मध्ये ९ कोटी डॉलर दंड. चालू देणारे असतील तर चालतं.

राहिली जेट. १७ एप्रिल २०१९ ला बँकांनी तातडीचे पैसे द्यायला नकार दिला आणि विमानं थांबली. डोक्यावर हजारो कोटींचं कर्ज होतं आणि कित्येकांचे पगार आधीच थकले होते. थकलेल्या पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी त्या लोकांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. पगार थकलेला माणूस कंपनी बुडवतो म्हणणाऱ्याला लाज वाटायला हवी. उलट ऑक्टोबर २००८ मध्ये याच जेटनं सुमारे १,९०० जणांना एका फटक्यात काढलं होतं, त्यात बहुतेक कायम न झालेलेच होते. मुंबईत आरडाओरडा झाला, राजकीय दबाव आला, आणि दोन-तीन दिवसांत सगळ्यांना परत घ्यावं लागलं.

भाचीनं हे सगळं ऐकून विचारलं, “मग मामा, एअरपोर्टवर जाऊच नको का?” जा की. काम वाईट नाही, मला आवडायचं. पण तीन महिन्यांच्या कोर्सला पंच्याऐंशी हजार घालून, कायमची नोकरी समजून जाऊ नको. मी दाजींना एवढंच सांगितलं: संस्थेला म्हणा, गेल्या वर्षी तुम्ही लावलेल्या पाच मुलांची नेमणुकीची पत्रं दाखवा. वर नाव कुणाचं आहे, मुदत किती आहे, तेवढंच बघायचंय.

आज सकाळी दाजी जाऊन आले. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, “ते गोपनीय असतं, ॲडमिशन झाल्यावर दाखवू.” पैसे अजून बँकेत आहेत.