पगार कळला, वरचं किती?

आज पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा एका सरकारी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर, दिसायला नीटनेटका, बोलायला शांत. पोहे झाले, चहा आला आणि वहिनीच्या भावाने, म्हणजे मुलीच्या सख्ख्या मामाने, मांडी बदलत विचारलं, ‘पगार कळला हो. वरचं किती सुटतं?’

मुलाने खाली बघितलं. त्याचे वडील हसले. म्हणाले, ‘देवाच्या दयेनं कमी नाही काही.’ झालं! सगळी खोली हसली. सोयरीक निम्मी तिथेच जमली.

हे मुलीकडच्यांनी विचारलंय, बरं का. हुंडा घेणं-देणं 1961 सालापासून गुन्हा आहे. देणारे देतात, घेणारे घेतात, पण निदान आतल्या खोलीत, दार लोटून. हा प्रश्न मात्र भर बैठकीत, लहान पोरांसमोर, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता. जणू विचारतोय, मुलाला चष्मा आहे का.

आणि मी काय केलं? पोहे खाल्ले.

दुपारपासून डोकं ठणकतंय म्हणून लिहितोय. जुन्या मित्रांना माहीत आहे, आमचे दादा, म्हणजे माझे वडील, तलाठी होते. आम्ही कराड तालुक्यात एका सजाच्या, म्हणजे तलाठ्याकडे असलेल्या गावांच्या गटाच्या, गावी राहायचो. मी सहावीत असेन. होळीच्या आधी एक शेतकरी घरी आला आणि गुळाची ढेप ठेवून गेला. त्याची जमीन खरेदीची फेरफार नोंद, म्हणजे सरकारी दप्तरात नवा मालक लावणं, नुकतीच मंजूर झाली होती. लाच वगैरे त्याच्या डोक्यात नसावं, गुऱ्हाळ चालू होतं, दिली एक ढेप. दादा फिरतीवर होते. आईने पुरणासाठी कडेचा एक तुकडा फोडला.

संध्याकाळी दादांनी ढेप बघितली. ओरडले नाहीत. दुकानात जाऊन पावशेर गूळ आणला, फोडलेल्या तुकड्याच्या जागी कागदात बांधून ठेवला आणि सगळं पोत्यात घालून सायकलच्या कॅरिअरला बांधलं. सहा-सात किलोमीटर, कच्चा रस्ता. मला पोतं धरायला मागे चालवलं. तो शेतकरी आधी हसला, मग ओशाळला, मग थोडा रागावला. म्हणाला, ‘आण्णासाहेब, आमच्या घरचं चालत नाही व्हय?’ दादांना काही उत्तर सुचलं नाही. नुसतेच हात जोडले.

गावाने या गोष्टीचं काय केलं असेल? टिंगल. ‘ढेपवाला तलाठी.’ आमच्या चुलत्यांनी तर लग्नकार्यात चारचौघांत सांगायचा किस्साच करून टाकला. शेजारच्या सजातल्या तलाठी भाऊसाहेबांनी तालुक्याला दोन मजली घर बांधलं, त्यांना हनुमान जयंतीला पहिला नारळ फोडायचा मान. देवळाच्या देणगीदारांच्या फरशीवर त्यांचं नाव अजून आहे. दादांचं नाही. अकरा रुपये देणाऱ्याचं नाव फरशीवर येत नाही.

म्हणून मला हसू येतं, जेव्हा लोक म्हणतात, ‘सिस्टीम खराब आहे.’ सिस्टीम काय आभाळातून पडली? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988चा. त्याच्या आधी 1979चे वर्तणूक नियम, राज्याच्या प्रत्येक सरकारी नोकराला लागू. लाचलुचपत खात्याचा तक्रारीचा 1064 नंबर कचेऱ्यांच्या भिंतीवर रंगवलेला असतो. सापळ्यात नोटांना अँथ्रासीनची पावडर लावतात, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली घेणाऱ्याची बोटं चमकतात. सगळं आहे! पण रुजू झाल्या दिवसापासून त्या पोराला घर, सासर, मित्र, सगळे मिळून एकच गोष्ट शिकवतात, की नुसत्या पगारावर जगणारा तो बावळट. ‘हुशार आहे हो पोरगा, दोन वर्षांत फ्लॅट घेतला.’ कसा घेतला, कुणी विचारतं? उद्या तोच पोरगा सापळ्यात अडकला की हाच मामा म्हणणार, ‘वाटलं नव्हतं हो असा निघेल.’ अरे, तूच नाही का पोहे खाताना त्याची परीक्षा घेतलीस? आणि नापास केला असतास, तो ‘काही नाही’ म्हणाला असता तर!

हो, सगळे तसे नसतात. माझ्या मित्रयादीतच तिघं-चौघं आहेत ज्यांनी आयुष्यात कुणाचा चहा घेतला नाही. त्यांनी लगेच तलवार उपसू नये. आणि एकेका तलाठ्याच्या गळ्यात दोन-दोन सजे असतात, वरून साहेब दौऱ्यावर आले की जेवणाचा खर्च कुणाच्या खिशातून जातो हे न विचारलेलंच बरं. हेही मान्य. पुढे.

पुढचं लिहू की नको, असं अर्धा तास चाललंय.

दादा गेले 2022च्या पावसाळ्यात. गावाकडे त्यांच्या नावावर दीड एकर. वारस नोंद करायची होती. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळे कागद दिले. आता 2025च्या 1 एप्रिलपासून सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला. आमच्या वेळी ती नव्हती. पुण्याहून तीन खेपा झाल्या. दर वेळी एखादा कागद कमी. तिसऱ्या खेपेला तिथल्याच एकाने मला बाहेर टपरीवर नेलं आणि प्रेमाने समजावलं, ‘थोडं वजन ठेवा, नाहीतर फिरत राहाल.’ मी ठेवलं. हरकतींसाठीची पंधरा दिवसांची नोटीस संपली आणि पुढच्याच आठवड्यात नोंद मंजूर.

तलाठ्याचीच नोंद. ढेप परत करणाऱ्या तलाठ्याची.

कायदा मला माहीत होता. 2018च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार. भाग पाडलं असेल तर सात दिवसांत तक्रार करायची सोय आहे. सातही दिवस मी पुण्यात होतो, फोन हातात होता. रजा संपल्या होत्या, बहिणीच्या सह्या पुन्हा घ्यायच्या नव्हत्या. कारणं चिक्कार. खरं कारण एवढंच, की घरी येऊन ‘काम झालं’ म्हटल्यावर बायकोसकट सगळ्यांना बरं वाटलं. भाऊ म्हणाला, ‘व्यवहार कळायला लागला तुला.’ आणि मित्रांनो, ते ऐकून मला बरं वाटलं. चाळीस वर्षं ढेपवाल्याचा पोरगा म्हणून मिरवलो, आणि त्या एका वाक्याने छाती फुगली.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. परत येताना अंधार पडला होता, मी कॅरिअरवर बसलो होतो, हातांना गुळाचा चिकटा. घरी आई न जेवता बसली होती. तिला वाटलं, दादा आता तुकड्यावरून बोलणार. ते एवढंच म्हणाले, ‘पुरण कर. आपल्या गुळाचं.’ पावशेर गूळ त्यांनी दोनदा आणला होता, एक तिथे, एक घरी. हे आम्हाला तेव्हाच कळलं.

मघाशी पुतणीचा फोन आला होता. मुलगा आवडलाय म्हणाली. मग जरा थांबून, ‘काका, मामाने विचारलं तेव्हा तो का गप्प बसला असेल? लाज वाटली म्हणून, की आकडा मोठा होता म्हणून?’ मी म्हटलं, त्यालाच विचार, लग्नाआधी. तर म्हणते, ‘विचारते. आणि आजोबांनी ढेप खरंच परत केली होती ना? की तुम्ही रंगवून सांगता?’

खरंच केली होती, म्हटलं. टपरीचं मात्र नाही सांगितलं तिला. ती माझ्या मित्रयादीत आहे. रात्री हे वाचेलच.