माझं काही नाही, ह्यांचं बघ

क्रूझ म्हणजे बोटीवर बसायचं, खायचं आणि समुद्राकडे बघत पडायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन कॅरिबियनची क्रूझ ठरवून दाखवावी. बोटीचं काही नसतं. बोट आपली आपण चालते. प्रश्न येतो तो बोट थांबल्यावर. रोज सकाळी ती एका नव्या बेटाला लागते आणि संध्याकाळपर्यंतचा अख्खा दिवस आपल्या पदरात टाकून मोकळी होते. त्या दिवसाचं काय करायचं, हे कित्येक महिने आधी घरी बसून ठरवायचं असतं. त्याला शोअर एक्सकर्शन म्हणतात.

आमच्याकडे पैसे दादाचे, हौस वहिनीची आणि डोकेदुखी माझी, अशी रीतसर वाटणी झाली. दादा न्यू जर्सीला असतो. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून त्याने पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून निघणारी क्रूझ बुक केली. सेंट थॉमस, सेंट मार्टिन, अँटिगा, सेंट लुसिया, बार्बाडोस आणि परत सान हुआन. "एक्सकर्शनचं तू बघ, तू काय ठाण्यातच आहेस," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी ठाण्यात आहे म्हणजे कासारवडवलीला आहे आणि आईबाबा आहेत नौपाड्यात. मध्ये घोडबंदर रोड आहे. ज्यांनी तो रविवारी संध्याकाळी पार केलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

आईबाबा परदेशात नवखे नाहीत. युरोप झालंय, दुबई झालंय. पण ते मराठी टूर कंपनीबरोबर. तिथे ठरवायचं काही नसतंच. सहाला वेक-अप कॉल, सातला उपमा, आठला बस, बसमध्ये सीट रोटेशन, दर थांब्यावर डोकी मोजणारा टूर मॅनेजर आणि रात्री आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात. इथे मात्र क्रूझच्या वेबसाइटवर एकेका बेटाला पानंच्या पानं पर्याय. प्रत्येकापुढे चालणाऱ्या माणसाचं एक छोटं चित्र. सोपी सहल असेल तर माणूस रमतगमत चाललेला, अवघड असेल तर वाकून चढ चढणारा. त्या माणसाचे गुडघे किती वर्षांचे आहेत, ते कुठेच दिलेलं नव्हतं.

आणि टॉयलेट कुठे आहे, तेही नव्हतं. हे लिहायला जरा संकोच वाटतो, पण ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत त्यांना कळेल. बाबा सकाळी बीपीच्या गोळीबरोबर लघवीची गोळी घेतात. तिचा अंमल अकरापर्यंत असतो. तोवर ते राम मारुती रोडला भाजी आणायलासुद्धा जात नाहीत. नेमकी बहुतेक एक्सकर्शन्स सकाळी साडेआठला सुटतात.

आईची गोष्ट वेगळी. तिचे गुडघे गेलेत, पण काठी धरायला ती तयार नाही. काठी म्हातारी माणसं धरतात. ती लांब दांड्याची काळी छत्री घेऊन फिरते आणि ती टेकत चालते. एप्रिलच्या उन्हातही छत्री मिटलेलीच. कुणी विचारलं तर म्हणते, "हल्ली पावसाचा काही नेम नाही." त्या छत्रीच्या टोकाचं रबर बाबा दर दोन-तीन महिन्यांनी गोखले रोडवरून बदलून आणतात आणि ह्या विषयावर घरात कुणीही एक शब्द बोलत नाही.

अशा दोन माणसांसमोर मी लॅपटॉप उघडून बसले आणि पहिल्याच बेटाला अडकले.

सेंट थॉमस हे बेट अमेरिकेने १९१७ साली डेन्मार्ककडून विकत घेतलं. तीन मुख्य बेटं मिळून अडीच कोटी डॉलर. बाबांनी लगेच त्याचे आजच्या भावाने रुपये करायला घेतले, त्यांना थांबवावं लागलं. तिथे नव्व्याण्णव पायऱ्या नावाचा प्रसिद्ध दगडी जिना आहे. डॅनिश लोकांच्या काळातला. "नव्व्याण्णव म्हणजे काहीच नाही," बाबा म्हणाले, "पण हिला जमायचं नाही." मी आणखी वाचलं तर निघाल्या एकशे तीन. नाव नव्व्याण्णव आणि पायऱ्या एकशे तीन. "बघ," आई म्हणाली, "आधी कमी सांगायच्या आणि मग चढवायच्या. मला जमतील गं, मी पर्वती चढलेय. पण ह्यांचं बीपी बघायला नको का?"

पर्वती ती लग्नाच्या वर्षी चढली होती.

त्यानंतरच्या कित्येक रविवारी हेच चाललं. स्नॉर्कलिंग? बाबा सिद्धेश्वर तलावात पोहायला शिकलेले, त्यांचं काही नाही, पण आईला पाण्याची भीती. बीचवर निवांत बसायचं? आईला चालेल, पण बाबांना ऊन सोसत नाही. झिपलाइनचं, म्हणजे तारेला लटकून घसरत जायचं, चित्र मी चुकून दाखवलं तेव्हा दोघं एकमेकांकडे बोट दाखवून एकदमच म्हणाले, "हे नको." स्वतःसाठी कुणीही काहीही नाकारत नव्हतं. पन्नास वर्षांच्या संसारात दोघांनी आपापल्या भीत्या एकमेकांच्या नावावर करून टाकल्या होत्या आणि आता त्या परत स्वतःच्या नावावर करायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी सेंट थॉमसला मी उघड्या सफारी टॅक्सीतून बेट दाखवणारी सहल घेतली. तिथे अमेरिकन गाडी आणि आपल्यासारखी डावी बाजू, असा अजब मामला आहे. ड्रायव्हरही डावीकडे आणि रस्ताही डावीकडचा. बाबा खूश. "मग ओव्हरटेक कसं करत असतील?" हा प्रश्न त्यांनी तलावपाळीच्या कट्ट्यावर नेला आणि तिथली मंडळी आठवडाभर त्यावर जगली.

सेंट मार्टिन लवकर उरकलं. फ्रेंच आणि डच यांनी १६४८ साली हे एवढंसं बेट आपसात वाटून घेतलं आणि अजून दोघं शेजारी नांदतायत, हे ऐकून आईने आमच्या गावच्या जमिनीचा विषय काढला. तो संपल्यावर मी माहो बीचचा व्हिडिओ लावला. तिथे धावपट्टी समुद्राला इतकी खेटून आहे की उतरणारं विमान पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून जातं. लोक मुद्दाम ते बघायला उभे राहतात आणि उडणाऱ्या विमानाच्या झोतापासून सावध राहा म्हणून तिथे पाटीही लावलेली आहे.

"ह्याला पैसे?" आई म्हणाली. "घाटकोपरला विद्यामावशीच्या गच्चीवर जा. चहासुद्धा मिळेल."

सेंट लुसियाला तसाच घोळ. सुफ्रिएर गावाजवळ गंधकाचे उकळते झरे आहेत, जवळपर्यंत गाडी जाते म्हणून त्याला ड्राइव्ह-इन ज्वालामुखी म्हणतात. गरम चिखल अंगाला फासून घेता येतो. आईचं मत असं की चिखल वगळला तर हे सगळं अकलोलीच्या कुंडांवर आहे आणि तिथे वज्रेश्वरीचं दर्शनही होतं. शिवाय बोट लागते कॅस्ट्रीजला. तिथून सुफ्रिएरपर्यंत डोंगरातून वळणावळणाचा रस्ता, आणि आईला माळशेजच्या पहिल्या वळणाला गाडी लागते. (ती म्हणते, "ह्यांना वळणांवर गरगरतं.") मग मी कॅटमरान बोटीने समुद्रातून जाणारी सहल शोधली. त्यातून पिटॉन नावाचे दोन टोकदार डोंगर पाण्यातून सरळ वर आलेले दिसतात. युनेस्कोने २००४ साली त्यांना जागतिक वारसा म्हणून जाहीर केलंय. पण आमच्या घरी ती सहल पास झाली ती युनेस्कोमुळे नाही. 'बोटीवर टॉयलेटची सोय आहे' असं स्वच्छ लिहिलेली मला सापडलेली ती एकमेव सहल होती.

मध्येच टोपीचं प्रकरण उद्भवलं. बाबा बँकेतून रिटायर झाले, पण सकाळी फिरायला जाताना ते जांभळी नाक्यावरून घेतलेली लष्करी नक्षीची टोपी घालतात आणि फिरणारी मंडळी त्यांना कर्नल म्हणतात. अँटिगा, सेंट लुसिया आणि बार्बाडोसला सर्वसामान्य माणसाने लष्करी नक्षीचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. टोपीसुद्धा चालत नाही. मी हे वाचून दाखवल्यावर बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी काय घुसखोर वाटतो?" आईला इतका आनंद झालेला मी क्वचित बघितलाय. ती टोपी घरातून घालवायचा ती कधीपासून प्रयत्न करतेय आणि तीन देशांची सरकारं आयती तिच्या बाजूने उभी राहिली.

राहिलं बार्बाडोस.

क्रूझचं नाव निघाल्यापासून बाबांच्या मनात बार्बाडोस म्हणजे फक्त केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान होतं. १९७१ साली वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडिजला त्यांच्याच घरी हरवलं तेव्हा बाबा बाविशीत होते. त्या मालिकेचा प्रत्येक आकडा त्यांना पाठ आहे. ह्याच मैदानावरच्या ब्रिजटाउन टेस्टमध्ये सरदेसाई दीडशे, गावसकर नाबाद एकशे सतरा. हे सांगून झालं की ते १९६२ वर येतात. तिथेच बार्बाडोसविरुद्धच्या मॅचमध्ये ग्रिफिथचा चेंडू आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला, कवटी फुटली, मेंदूचं ऑपरेशन झालं आणि रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कप्तान फ्रँक वॉरेल पुढे आला. इथे बाबांचा आवाज दर वेळी जड होतो.

"म्हणजे जिथे माणसाचं डोकं फुटलं," आई म्हणाली, "तिथे आपण पन्नास वर्षं साजरी करायला जायचं."

मी तिला सांगितलं की २९ जून २०२४ ला आपण टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप जिंकलो आणि रोहितने खेळपट्टीची माती तोंडात घातली, ते हेच मैदान. आई विरघळली. रोहितचं तिला सगळं चालतं. "मग जाऊन या तुम्ही," ती म्हणाली, "मी बोटीवर बसेन."

हे 'बसेन' मला खटकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबांच्या झोपेच्या वेळेला, तिचा फोन आला. आवाज बारीक. "अगं, ती पाणबुडी होती ना बार्बाडोसची? काचेतून मासे दिसतात ती. तिचं काय झालं?" मी ते पान भर्रकन पुढे ढकललं होतं. कारण त्या पाणबुडीत वरच्या झाकणातून उभ्या शिडीने, तेही पाठमोरं उतरावं लागतं. तसं सांगितलं. "हो का," आई म्हणाली. "नाही, मला कुठे काय. ह्यांना आवडली असती." त्याच संध्याकाळी कट्ट्यावरून बाबांचा फोन. मागे तलावपाळीचे भेळवाले ऐकू येत होते. "आईसाठी ती पाणबुडी बुक कर. विचारू नकोस तिला, नाहीच म्हणेल. आणि मी चाललोय ओव्हलला, मी काही त्या डब्यात उतरणार नाही. तिला म्हणावं बाबांना क्लॉस्ट्रोफोबिया आहे." हा शब्द त्यांनी कट्ट्यावरच्या डॉक्टरांना विचारून घेतला असावा.

आता पेच असा की बोटीकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर बोट थांबते, आपले आपण फिरायला गेलो तर थांबत नाही. आईला हे कळल्यापासून बाबा ओव्हलला एकटे गेले तर बार्बाडोसमध्येच राहणार, याबद्दल तिची खात्री झाली. "मैदानाबाहेर त्यांच्या त्या क्रिकेटवाल्या सोबर्सचा पुतळा आहे ना, त्याला सगळी मॅच सांगत बसतील."

पुढच्या रविवारी मी नौपाड्यात पोचले तर दार उघडंच. आत माळ्याला घोडा लावलेला. आई पदर खोचून पाठमोरी एक एक पायरी खाली येत होती. बाबा खाली दोन्ही हातांनी घोडा घट्ट धरून उभे, आणि आईची छत्री त्यांच्या काखेत.

"काय काढताय माळ्यावरून?"

"काही नाही," आई शेवटच्या पायरीवरून म्हणाली. "ह्यांना बघायचं होतं घोडा मजबूत आहे का."

चहा झाल्यावर तिने फ्रिजवरच्या किराणा यादीच्या मागे आखलेलं वेळापत्रक माझ्यासमोर ठेवलं. बोट सकाळी लागणार. मैदान बंदरापासून जवळ, म्हणजे गोळीच्या वेळेत बाबा दादाबरोबर टॅक्सीने तिकडे जाणार. गरज पडली तर बोट जवळच. बाहेरून बघायचं, सोबर्सबरोबर फोटो काढायचा, साडेअकराला परत. पाणबुडी दुपारची. तीन तिकिटं.

"तीन?" मी विचारलं. "बाबांना क्लॉस्ट्रोफोबिया आहे ना?"

"घोडा धरायला कोण मग?" बाबा म्हणाले.

मी तिथेच बसून पैसे भरले. दादाला क्रिकेटमध्ये काडीचाही रस नाही, त्याला मेसेज करून टाकला की तुझं सकाळी ओव्हल आहे. बंदर लागायच्या ४८ तास आधीपर्यंत बहुतेक एक्सकर्शन्स रद्द करून दुसरी घेता येतात, हे मात्र मी अजून आईबाबांच्या कानावर घातलेलं नाही.