‘शोनब्रुन पाऊण तासात उरकलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

सहलीत तुमची निराशा झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. गाईडचा आवाज चढला असेल तर त्याच्या वतीनं मी माफी मागते. तुमचा रिव्ह्यू मी आणि मिस्टरांनी रात्री पुन्हा पुन्हा वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘१,४४१ खोल्यांच्या राजवाड्याला जेमतेम पाऊण तास, झू तर दाखवलाच नाही, शुद्ध फसवणूक.’ बाकीचं मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं, पण त्या पाऊण तासाबद्दल बोलायलाच हवं. हे वाचून कालच एका फॅमिलीनं बुकिंग थांबवलंय.

शोनब्रुन हा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटांचा व्हिएन्नातला उन्हाळी राजवाडा. तिथे मनाला येईल तेव्हा आत शिरता येत नाही. तिकिटावर वेळ छापलेली असते आणि आपल्या ग्रुपचं सगळ्यांचं मिळून एकच बुकिंग होतं, १०.२० चं. बस साडेनऊच्या आत गेटवर लागली म्हणून गाईडनं सगळ्यांना बागेत मोकळं सोडलं. ‘दहा वाजता मुख्य दारापाशी या, टेकडीवर आत्ता कोणी जाऊ नका,’ हे त्यानं बसच्या माइकवर सांगितलं होतं. माइक खरखरत होता म्हणाल, तर खाली उतरल्यावरही सांगितलं.

टेकडीवरचं ते कमानींचं ग्लोरिएट, १७७५ चं, खालून अगदी जवळ वाटतं. प्रत्यक्षात नेपच्यूनच्या कारंज्याला वळसा घालून नागमोडी वाटेनं चढायला वीस मिनिटं सहज जातात, आणि उतरायचंही असतं. वरून राजवाडा आणि मागे अख्खं व्हिएन्ना दिसतं, मोह होणारच, मी समजू शकते. पण ताई, तुम्ही दोघं खाली आलात १०.३५ ला. वरून ठाण्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला होता, हे तुम्हीच नंतर बसमध्ये हसत हसत सांगितलंत. तोवर बाकीचा ग्रुप उन्हात खडीवर उभा होता. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबाही होते, त्यांनी अवाक्षर काढलं नाही. गाईडनं काउंटरवर हातापाया पडून पुढची वेळ मिळवली, ती ११.४० ची. साडेबाराला बस हलायची होती. पाऊण तास उरला तो असा.

मग बस तासभर थांबवायची होती, असं कोणी म्हणेल. तिथला ड्रायव्हर साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबतो म्हणजे थांबतोच. रात्रीची विश्रांतीही कायद्यानं ठरलेली असते आणि सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रावर नोंदलं जातं. त्या दिवशी प्राग गाठायचं होतं, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. ‘दादा, जरा अ‍ॅडजस्ट करा’ तिथे चालत नाही.

आता खोल्यांचं. १,४४१ हा आकडा खरा आहे, पण पाहुण्यांना बघायला मिळतात चाळीसेक. उरलेल्या भागात ऑफिसं आहेत, चक्क भाडेकरूही राहतात. कोणाच्या स्वयंपाकघरात आम्ही ग्रुप कसा नेणार? कमी खोल्यांचं स्वस्त तिकीटही मिळतं. आम्ही मुद्दाम मोठं काढतो, कारण छोट्यात मिलियन रूम येत नाही. तिथल्या शिसवी पॅनेलमध्ये आपल्याकडची, मुघल काळातली लघुचित्रं बसवली आहेत. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या घरच्यांनी ती कापून, एका चित्रातली माणसं दुसऱ्यात चिकटवून नवीनच चित्रं केली. ग्रुपमधल्या सोलापूरच्या एक बाई तिथून हलेनात. घाईतही गाईडनं ती खोली सोडली नाही. तुमच्या रिव्ह्यूत तिचा साधा उल्लेखही नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

राजवाड्याच्या आवारातला झू १७५२ चा आहे, जगातला आजही चालू असलेला सर्वांत जुना. पण त्याचं तिकीट वेगळं असतं आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेत तो नव्हताच.

यापुढे बाग आधी की राजवाडा आधी, यावर विचार चालू आहे. पत्रिकेत वेळेचं जरा ठळक छापू. व्हिएन्नाचा मुक्काम वाढवता येतो का तेही बघतोय, खर्चात बसलं तर.

आमची काही मोठी कंपनी नाही. मी, मिस्टर आणि ऑफिसात एक मुलगी, एवढाच कारभार. ‘वेळ कमी पडला’ हे खुशाल राहू द्या, स्टारही तुमच्या मर्जीनं द्या. ‘फसवणूक’ तेवढं काढा, अशी हात जोडून विनंती. आणि ग्लोरिएटवरचे तुमचे दोघांचे फोटो गाईडकडे एका काकांनी पाठवलेत, ते कुठल्या नंबरवर पाठवायचे तेवढं ऑफिसात कळवा.