मेट्रनच्या केबिनच्या पुढे काय

परवा ट्रेनमध्ये माझी एक विद्यार्थिनी भेटली, एमएससी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वॉर्डातली पोस्टिंग संपवून घरी चालली होती. मी तिला पीएचडीचं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, एवढं शिकून शेवटी काय, मेट्रनच व्हायचं ना?" दादर येईपर्यंत मला काही उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलेय. जरा लांबेल.

मेट्रन होणं लहान गोष्ट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. शेकडो नर्सेसची ड्यूटी लावणं, कोण बाळंतपणाच्या रजेवर, कोणाला आयसीयू झेपत नाही, कुठल्या वॉर्डात आज माणूस कमी, हे सगळं डोक्यात ठेवून २४ तास हॉस्पिटल चालतं ठेवणाऱ्या बायका मी बघितल्यात. माझं म्हणणं एवढंच की जी बाई हे करू शकते तिच्यासाठी रस्ता तिथेच का संपतो?

त्या मुलीला मी पॅट्रिशिया डेव्हिडसनबद्दल सांगायला हवं होतं, ते आता इथे सांगते. बाई ऑस्ट्रेलियाच्या, मुळात हृदयविकाराच्या पेशंटची नर्स. मग रिसर्चमध्ये गेल्या, विषय घेतला बायकांचं हृदय, हार्ट फेल्युअर, आणि पेशंट हॉस्पिटलमधून घरी गेल्यावर त्याचं पुढे काय होतं. २०१३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या नर्सिंग स्कूलच्या डीन झाल्या, म्हणजे जिथे १८८९ पासून नर्सेस तयार होतात त्या ठिकाणी. आणि २०२१ मध्ये परत ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग युनिव्हर्सिटीच्या कुलगुरू. त्या स्वतः तिथेच शिकलेल्या, आणि त्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या महिला कुलगुरू. नुसत्या नर्सिंग विभागाच्या नाही, इंजिनीअरिंग, लॉ, बिझनेस सगळ्याच्या. २०२४ पर्यंत त्या होत्या. आपल्या शेजारी गुजरातमध्ये गिफ्ट सिटीत वोलोंगाँगचं कॅम्पस आलं ना, ते त्यांच्याच काळात ठरलं.

आता कोणी म्हणेल नर्स असली म्हणून कुलगुरू चांगलीच असेल असं थोडंच आहे. बरोबर आहे, नाहीच. त्या खुर्चीत बसलं की बजेट, नोकऱ्या, सरकारी फंडिंग, हेच. त्या जॉईन झाल्या तेव्हा कोविडमुळे ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या, बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या फीवर चालणाऱ्या तिथल्या युनिव्हर्सिट्यांची तेव्हा काय ओढाताण झाली असेल. त्यांचा प्रत्येक निर्णय बरोबर होता असं मी म्हणत नाही. पण एका नर्सला चुकायची तरी संधी मिळाली, आपल्याकडे तेवढीही कुठे मिळते.

आणि हे एकट्या बाईच्या हुशारीवर झालेलं नाही. ऑस्ट्रेलियात १९८४ साली सरकारने ठरवलं की नर्सिंगचं शिक्षण हॉस्पिटलच्या ट्रेनिंग स्कूलमधून काढून कॉलेज-युनिव्हर्सिटीत न्यायचं, आणि पुढच्या दहा वर्षांत नेलं. एकदा नर्सिंग युनिव्हर्सिटीत गेलं की लेक्चरर लागतात, प्रोफेसर लागतात, पीएचडी लागते, मग त्यांच्यातूनच कोणीतरी डीन होतं आणि कोणीतरी कुलगुरू. जिना बांधला म्हणून चढता आलं. आपल्याकडे पण पायऱ्या आहेत, चर्चगेटला एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ पासून आहे, नाशिकचं आरोग्य विद्यापीठ १९९८ चं, राज्यभरातली नर्सिंग कॉलेजं त्याच्याखाली येतात. त्या नाशिकच्या कुलगुरूंच्या खुर्चीत नर्सिंगमधून आलेली बाई किंवा माणूस बसलेला मला माझ्या हयातीत बघायचाय.

नर्सला कसलं रिसर्च, असं अजून तोंडावर बोलतात लोक. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबागचं आठवा, हल्ल्यानंतर त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १९७३ ते २०१५, ४२ वर्षं त्या पलंगावर होत्या आणि तिथल्या नर्सेसनी त्यांना बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ दिला नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या निकालात त्या नर्सेसचं कौतुक केलं, पेपरवाल्यांनी त्याला माया म्हटलं, सेवा म्हटलं. माया होतीच. पण ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दोन-दोन तासांनी कुशीवर वळवलंय त्यांना माहितीये की नुसत्या मायेने पाठ शाबूत राहत नाही. त्वचा कुठे लाल दिसायला लागली, कुठलं हाड टेकतंय, चादरीला सुरकुती आहे का, खाणं किती गेलं, ओलं किती वेळ राहिलं, हे ज्ञान आहे, आणि ते एका शिफ्टकडून दुसऱ्या शिफ्टकडे हँडओव्हरमध्ये ४२ वर्षं गेलं. आपण त्याला ज्ञान म्हटलं नाही म्हणून आज ते वॉर्डातल्या आठवणींतच राहिलंय.

तिकडे अमेरिकेत लिंडा एकेन नावाच्या नर्सने हेच मोजायला घेतलं. २००२ साली त्यांच्या टीमचा पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास छापून आला, त्यात निघालं की ऑपरेशनच्या पेशंटमध्ये एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मरण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आता आपल्या वॉर्डात नाईटला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते ज्यांचं माणूस ॲडमिट होतं त्यांनी आठवून बघा.

माझं स्वतःचं एक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, हॉस्पिटलचं नाव घेत नाही, रात्री एक मावशी ॲडमिट होत्या, पन्नाशीच्या, घरकाम करणाऱ्या. पित्त झालंय म्हणत होत्या, जबडा दुखतोय म्हणत होत्या, आणि कपाळावर घाम. मी ईसीजीसाठी तीनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा." ईसीजी पहाटे निघाला तेव्हा अटॅक येऊन गेला होता. मावशी वाचल्या, पण हृदय पुढे कमजोरच राहिलं. बायकांचा अटॅक कित्येकदा दम, थकवा, मळमळ, पाठदुखी अशा रूपात येतो आणि त्यामुळे निदान उशिरा होतं, हे मी नंतर एमएससीला वाचलं आणि पुस्तक मिटून रडले. डेव्हिडसन बाईंचा विषय वाचला तेव्हा मला त्याच मावशी दिसल्या. मी त्या रात्री जे बघितलं तो माझ्यासाठी वैताग होऊन राहिला, त्यांच्यासारख्यांनी तेच बघून त्याचा अभ्यास केला, लिहिलं.

काल त्या मुलीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. आज दुपारी ती वही घेऊन आली, बायकांच्या अटॅकवरच अभ्यास करायचा म्हणते. केस पेपर बघायला एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, त्याला वेळ आहे, तोवर ती शब्द गोळा करतेय. आपल्या बायका छातीतल्या दुखण्याला काय काय म्हणतात. वहीत आत्तापर्यंत पित्त, जळजळ, धडधड, जीव घाबरा, पाठीत भरून आलंय, हात गळाल्यासारखे, एवढं झालंय. तुमच्या आईने, आजीने, सासूबाईंनी तेव्हा कुठला शब्द वापरला होता ते खाली लिहा, गावाकडचा असला तर गावाचं नाव पण लिहा, मी तिला पाठवते.