उभ्या जन्माची चाकरी

मी व्हर्सायच्या राजवाड्यात मारी आंत्वानेत राणीसाहेबांच्या सेवेत लागले तेव्हा आईनं ती बातमी साऱ्या नातेवाइकांना कळवली. ही चाकरी उभ्यानं करायची असते, एवढंच तिनं कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा.

इथं राजा-राणीला हातांची खुर्ची आणि डचेसला तॅबुरे. तॅबुरे म्हणजे वर गादी लावलेलं नुसतं स्टूल, ना पाठ ना हात. आमची स्वयंपाकीण मटार सोलायला याहून बऱ्या आसनावर बसते. पण राणीसमोर त्यावर टेकायचं तर नवरा ड्यूक हवा. आमचे हे मार्किस, एक पायरी खाली. ड्यूक थोरले दीर. म्हणून जाऊबाई बसतात आणि मी त्यांच्या मागं उभी राहून त्यांच्या अंबाड्यातल्या पिना मोजते.

हसू नका. १६४९ साली, देशात बंडाळी चालू असताना, दोन बायकांना जास्तीचं तॅबुरे दिलं म्हणून सरदारांनी सभा भरवल्या होत्या. ते परत घ्यायला लावलं तेव्हाच मंडळी गप्प बसली. म्हणजे उभी राहिली.

उभं राहायचं ते तरी कोणत्या अवतारात? पोटाला देवमाशाच्या पट्ट्यांची चोळी, इतकी आवळलेली की शिंक आली तर आधी परवानगी काढावी. कमरेला दोन्हीकडे पानिए, म्हणजे कापड ताणून बसवलेले पिंजरे. दारातून खेकड्यासारखं आडवं जायचं. डोक्यावर पावडर फासलेला केसांचा मनोरा. परवा बग्गीत तो छताला लागला की! शेवटी बग्गीच्या तळावर गुडघे टेकून पॅरिसपर्यंत गेले. रस्त्यातल्या एका म्हातारीला वाटलं, बाई फार देवभोळी आहे. तिनं हात जोडले. मीही जोडले, दुसरं काय करणार?

पण खरी गंमत सकाळची. राणीसाहेबांना कपडे चढवणं म्हणजे लग्नातला मानपान, तोही रोजचा. खोलीत जिचा मान सर्वांत मोठा, तिनंच समीज हातात द्यायची. एकदा ऐन हिवाळ्यात राणीसाहेब अंगावर चिंधी नसताना उभ्या होत्या. खोलीवरच्या बाईंनी समीज उलगडून धरली, एवढ्यात मुख्य मानकरीणबाई आल्या. घाईघाईनं हातमोजे काढले, समीज घेतली. तेवढ्यात दारावर खरखर. (इथं दार ठोठावत नाहीत, नखानं खाजवतात. मांजर आलं की डचेस, हे उघडल्याशिवाय कळत नाही.) ऑर्लेआँच्या डचेस! त्यांनी हातमोजे काढले. पण समीज सरळ त्यांच्या हाती देणं शिष्टाचारात बसत नाही. मानकरीणबाईंनी ती खोलीवरच्या बाईंना परत दिली, त्यांनी डचेसना दिली. पुन्हा खरखर. आता राणीसाहेबांच्या सख्ख्या जाऊबाई, प्रोव्हाँसच्या काउंटेस. डचेसनी समीज त्यांच्याकडे सरकवली. राणीसाहेब छातीशी हात घट्ट आवळून कुडकुडत होत्या. ते बघून जाऊबाईंनी हातमोजे न काढताच, नुसता रुमाल भिरकावून देऊन, समीज घातली. तेवढ्या घाईत राणीसाहेबांचे केस विस्कटले. राणीसाहेब हसल्या खऱ्या, पण दातांतल्या दातांत, “शी! काय ही कटकट!” असं पुटपुटल्याच.

मी कोपऱ्यात उभी होते. अख्ख्या फ्रान्सच्या राणीला एक समीज वेळेवर मिळू नये, हे पाहून माझी पोटरी थोडी कमी दुखल्यासारखी वाटली. हे काही चांगल्या मनाचं लक्षण नव्हे, ठाऊक आहे.

बाकी राणीसाहेब स्वभावानं खेळकर. चौदाव्या वर्षी व्हिएन्नाहून सून म्हणून आल्या, तेव्हाच्या मानकरीणबाई नोआयच्या काउंटेस. त्या जिथं तिथं नियम काढायच्या, म्हणून यांनी त्यांचं नाव ‘मादाम एतिकेत’, म्हणजे शिष्टाचारबाई, ठेवलं. एकदा राणीसाहेब गाढवावरून पडल्या तर उठेचनात. म्हणाल्या, “आधी मादाम एतिकेतना बोलवा. युवराज्ञी गाढवावरून पडली तर कसं उठायचं असतं ते विचारते.”

माझी पाळी आठवड्याची. काल ती संपली. घरी आले, आरशासमोरच्या खुर्चीत बसायला गेले तर पानिए दोन्ही हातांत अडकलं आणि खुर्ची माझ्याबरोबर उठली.

रात्री जेवायला थोरले दीर आणि जाऊबाई होत्या. दिरांना मूलबाळ नाही. सूप घेता घेता त्यांना ठसका लागला, मग बराच वेळ खोकत राहिले. आमचे हे म्हणाले, “हवाच तशी आहे.” मी पुढं होऊन पाणी दिलं, डॉक्टरांना बोलावू का विचारलं. जाऊबाईंनी माझ्याकडे जरा रोखूनच बघितलं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खोकला कोरडा होता की ओला, तेवढं नीट ऐकायचं राहिलं.